अग्निशमन दलाच्या हातात झोळी

टेक्सासमधल्या ज्या काउंटीत मी राहतो, तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या स्टेशनात आगीत शिरताना घालायचे कोट खुंट्यांवर टांगलेले असतात. कोटाच्या आत अस्तराला एक पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर तो बनल्याची तारीख असते. दहा वर्षं झाली की कोट बाद करायचा, असं या क्षेत्रातलं मानक सांगतं. कापड वरून धड दिसलं तरी धगीपुढे त्याचा भरवसा उरलेला नसतो. दल चालवायला पैसा लागतो म्हणून तिथे बार्बेक्यूच्या थाळ्या विकतात, त्या बांधायला मी गेलो होतो. हात रिकामा होता तेव्हा एका कोटाची पट्टी उलटून पाहिली. कोट तेरा वर्षांचा होता. नवा का आणला नाही, असं विचारलं. उत्तर आलं, "ग्रँटला टाकलंय."

हे दोन शब्द ऐकून माझे कान किटले आहेत. हवेच्या टाक्या, पंप, रेडिओ, पुराचा सायरन, सगळं ग्रँटला टाकलेलं. काउंटीच्या बजेटमध्ये ज्या गोष्टीला हक्काची ओळ हवी, तिच्यासाठी दरवर्षी झोळी पुढे करायची आणि तिलाच नियोजन म्हणायचं!

ही झोळी भरते कशी, तेही पाहा. फेमा या केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या अनुदानासाठी आधी लांबलचक अर्ज लिहायचा. मग देशभरातल्या दलांच्या अर्जांशी स्पर्धा, कारण मागणी उपलब्ध पैशाच्या कैक पट असते. अनुदान मंजूर झालं तरी स्वतःचा वाटा घालावाच लागतो: वीस हजारांपर्यंत वस्तीला ५ टक्के, दहा लाखांपर्यंत १० आणि त्यापुढे १५. मोठ्या शहराच्या दलाकडे अर्ज लिहायला पगारी माणूस असतो. आमच्याकडे दिवसभर नोकरी करून, रात्री जेवणाच्या टेबलावर अर्ज भरणारा स्वयंसेवक असतो. त्याला आग विझवता येते, अर्जाची भाषा येत नाही. म्हणून त्याच्या सहकाऱ्याने तेरा वर्षांचा कोट घालायचा का?

माणसं नेमायचं अनुदान तर याहून फसवं. नेहमीच्या नियमाप्रमाणे केंद्र पहिली दोन वर्षं पगाराचा ७५ टक्के भार उचलतं, तिसऱ्या वर्षी ३५ टक्के, पुढे शून्य. चौथं वर्ष येणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेलं असतं. तरी ते आलं की काउंटीचे पुढारी आभाळ कोसळल्यासारखा चेहरा करतात.

आता टेक्सासमधल्याच कर (Kerr) नावाच्या काउंटीकडे पाहा. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालुपे नदीच्या पुराने तिथे शंभराहून अधिक माणसं नेली. कॅम्प मिस्टिक या मुलींच्या उन्हाळी शिबिरातल्या २७ मुली, पंचवीस शिबिरार्थी आणि त्यांना सांभाळणाऱ्या दोन ताया, त्यात गेल्या. या काउंटीने पूर-इशारा यंत्रणेसाठी सुमारे दहा लाख डॉलरचं अनुदान २०१७ पासून मागितलं होतं. ते मिळालं नाही. पुढे कोविडनंतरच्या केंद्रीय मदतीतून त्याच काउंटीच्या पदरात एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम पडली. शेरीफच्या रेडिओ यंत्रणेसह इतर कामांवर ती खर्च झाली. रेडिओही लागतोच, त्याला माझा आक्षेप नाही. पण नदी कोणत्या खोऱ्यातून वाहते हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांनी नकाराचं पत्र हातात घेऊन स्वस्थ बसावं, याला मी गुन्हा म्हणतो.

त्याच नदीच्या खालच्या अंगाला, शेजारच्या केंडल काउंटीत, कम्फर्ट नावाचं दोन-सव्वादोन हजार वस्तीचं गाव आहे. १९८७ च्या जुलैत या गावाजवळ शिबिराहून परतणाऱ्या मुलांची बस पुरात सापडली आणि दहा मुलं बुडाली. तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने २०२४ मध्ये सायरनचं काम हाती घेतलं. थोडं अनुदान मिळवलं, थोडे पैसे स्वतःच्या बजेटातून काढले, काउंटीकडून हिस्सा मिळवला, वीज कंपनीने खांब दिला. जुना सायरन दुरुस्त करून दुसरीकडे बसवला आणि ओढ्याच्या पाणीपातळी मोजणाऱ्या यंत्राला जोडला. सगळा खर्च साठ हजार डॉलरच्या आसपास. ४ जुलैला सायरन वाजले, लोक बाहेर पडले आणि कम्फर्टमध्ये एकही माणूस दगावला नाही. ते गाव खाली असल्याने त्यांना जास्त वेळ मिळाला, हे खरं. अनुदान त्यांनीही घेतलं, हेही खरं. पण ते हाती येईपर्यंत थांबायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. मिळालं त्यात उरलेलं त्यांनी घातलं.

वॉशिंग्टनवर विसंबावं तर तिथली तऱ्हा वेगळीच. आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी २०२० पासून चाललेली ब्रिक ही योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद केल्याचं फेमाने जाहीर केलं. वीस राज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ज्या गावांनी तिच्या भरवशावर नाले आणि बंधारे आखले होते, त्यांच्या हातात नकाशे उरले.

आणि आपण? टेक्सासमध्ये अग्निशमनासारख्या आपत्कालीन सेवांच्या जिल्ह्याला शंभर डॉलर मूल्यामागे जास्तीत जास्त दहा सेंट कर लावता येतो. एक सेंट वाढवला तर तीन लाखांच्या घराला वर्षाला तीस डॉलर पडतात. आमच्या वसाहतीच्या बैठकीत एका सेंटचा विषय निघाला तेव्हा पहिला विरोध एका मराठी गृहस्थाने केला. "फायरवाल्यांना ग्रँट मिळते की, आपण कशाला भरायचं?" त्यांच्या दारात नवी कोरी गाडी उभी आहे. त्यांच्या घराला आग लागली तर आत शिरणारा माणूस तो तेरा वर्षांचा कोट घालून शिरणार आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते माझ्याशी बोलत नाहीत.

ऑगस्टमध्ये कमिशनर्स कोर्टात, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पाच जणांच्या मंडळापुढे, बजेटची सुनावणी आहे. नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी नाव नोंदवलं आहे आणि त्या दिवसापुरता तो कोट द्यायला स्टेशनवाले तयार आहेत. आतली पट्टी मी पाचही जणांना एकेक करून वाचायला लावणार आहे.