कुंडीतील टोमॅटोचा धडा

२०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटोने किरकोळ बाजारात किलोला दीडशे रुपयांची मर्यादा ओलांडली. काही शहरांत तर तो दोनशेच्याही पुढे गेला. मध्यमवर्गीय घरांतील ताटातून कोशिंबीर नाहीशी झाली, आमटीत पुन्हा चिंच-आमसुलाला मान मिळाला, आणि केंद्र सरकारला सहकारी संस्थांमार्फत सवलतीच्या दराने टोमॅटो विकावा लागला. त्याच सुमारास उत्तर प्रदेशातील एका राज्यमंत्र्यांनी जनतेला उपदेश केला, की टोमॅटो घरीच लावावा, नाही तर खाणे सोडावे. भाव आपोआप उतरेल. या उपदेशाची यथेच्छ टिंगल झाली, आणि ती रास्तच होती.

तथापि टिंगल करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी एक साधा हिशेब मांडला असेल. बी पेरल्यापासून रोप लावणीजोगे होण्यास तीन-चार आठवडे लागतात आणि लावणीनंतर पहिले फळ पिकण्यास आणखी दोन-अडीच महिने. म्हणजे त्या सल्ल्याबरहुकूम जुलैत पेरलेला टोमॅटो ऑक्टोबरच्या आधी ताटात येणे शक्यच नव्हते. प्रत्यक्षात सप्टेंबरातच नाशिक जिल्ह्यातील बाजारांत भाव इतका कोसळला, की कित्येक शेतकऱ्यांना तोडणीची मजुरीही परवडेना. महागाईवरचा हा घरगुती उपाय फळास येईपर्यंत महागाई ओसरून गेलेली होती.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. जी चूक कुंडीत होते, तीच रानात होते. फरक एवढाच, की कुंडीवाल्याची हौस बुडते आणि शेतकऱ्याचे भांडवल. भाव चढलेला पाहून अनेकजण एकाच वेळी लागवड करतात आणि तीन महिन्यांनी सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात उतरतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये किलोला दोन-तीन रुपये भाव मिळू लागला, तेव्हा राज्यातील शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले होते. टोमॅटो हे कांद्यासारखे चाळीत साठवून ठेवण्याचे पीक नव्हे. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्यासाठी पाचशे कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. पण त्यानंतरही २०२१ आणि २०२३ ही दोन्ही वर्षे उजाडलीच. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहक टोमॅटोसाठी मोजत असलेल्या रुपयातील सुमारे तेहेतीस पैसेच शेतकऱ्याच्या पदरात पडतात.

मग घरी टोमॅटो लावावाच कशासाठी? पैसे वाचतात म्हणून, असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही. कुंडी, माती, शेणखत आणि आधाराच्या काठ्या यांचा खर्च जमेस धरला, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असाच प्रकार होतो. एक झाड चांगले साधले, तरी हंगामात दोन-तीन किलो फळ मिळावयाचे. पण हौसेला मोल नसते, आणि या हौसेचे फळ तर बाजारात मिळतच नाही.

बाजारचा टोमॅटो नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथून दूरदूरच्या शहरांपर्यंत जातो. तो वाटेत फुटू नये म्हणून साल जाड असलेले वाण निवडले जातात आणि फळ पुरते पिकण्याआधीच, नुसता रंग फुटू लागताच तोडले जाते. फळ एकसारखे लाल दिसावे, या आग्रहाचीही किंमत मोजावी लागली आहे. देठाजवळचा हिरवट पट्टा जाऊन फळ सर्वत्र सारखे पिकावे, अशा वाणांची निवड पाश्चात्त्य देशांत अनेक दशके झाली. त्या निवडीबरोबर फळातील साखरही घटली, असे शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. यात शेतकऱ्याचा दोष नाही. बाजार वजनाला, रंगाला आणि टिकाऊपणाला पैसे देतो, चवीला देत नाही.

याउलट गच्चीवरील टोमॅटोला प्रवास करावयाचा नसतो. तो झाडावरच पूर्ण पिकतो, दुपारच्या उन्हाची ऊब अंगात असतानाच चिरला जातो आणि मिठाच्या चिमटीबरोबर गरम भाकरीच्या जोडीला बसतो. खुडताना बोटांना लागणारा हिरवट वास हात धुतला तरी लवकर जात नाही. जे फळ पिकणार नाही असे दिसते, त्याची तीळ-दाण्याचे कूट घालून चटणी होते. ही चव एकदा चाखलेला माणूस बाजारातल्या लालबुंद, पण बेचव फळाला भुलत नाही.

परंतु या चवीपर्यंत पोहोचण्याआधी झाड माणसाची परीक्षा पाहते. पाणी कधी कमी, कधी जास्त झाले, की फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो. पांढरी माशी आली, की पाने आकसतात; ढगाळ हवेत करपा येतो; उकाडा वाढला, की फुले गळून जातात. सकाळी फुलोऱ्याला हलकेच टिचकी मारून फळ धरण्याची वाट पाहणाऱ्या कारकुनाला दहा झाडांच्या काळजीने झोप येत नसेल, तर एकरभर पीक कर्ज काढून उभे करणाऱ्याची अवस्था त्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही. मग टोमॅटो दीडशे रुपये झाला म्हणून तो शेतकऱ्याला नफेखोर म्हणणार नाही आणि तीन रुपये झाला म्हणून स्वस्ताईचा आनंदही मानणार नाही.

हे शिक्षण शाळेतच मिळण्याची सोय आहे. शालेय पोषण आहाराच्या योजनेत परसबागेला स्थान दिलेले आहे. मात्र पाहुणे येण्याच्या दिवशी पाणी शिंपून छायाचित्रे काढण्यापुरती ती उरली, तर तिच्यातून चार भाज्यांपलीकडे काही निघणार नाही. शिक्षकांनी टोमॅटोचा एक वाफा पूर्णपणे मुलांच्या हवाली करावा. संकरित बियाण्याऐवजी राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘धनश्री’सारखे सरळ वाण लावले, तर पुढील वर्षीचे बीही मुलांना स्वतःच धरता येईल. आणि वहीत दोन नोंदी शेजारी-शेजारी कराव्यात: पेरणीच्या दिवशी बाजारात टोमॅटोचा भाव काय होता, आणि पहिल्या तोडणीच्या दिवशी काय झाला. या दोन आकड्यांमधील अंतर ज्या विद्यार्थ्याने स्वतःच्या वाफ्यापाशी उभे राहून मोजले, तो पुढे ग्राहक होवो, कारकून होवो की मंत्री, जुलैत टोमॅटो पेरण्याचा उपदेश करण्यापूर्वी निदान तीन महिने मोजील.