वसंत ऋतूचा निबंध आणि माहुलीचा डोंगर



आधी माझीच एक चूक सांगतो. आठवीच्या वर्गाला मी ‘वसंत ऋतू’ हा निबंध दिला होता. वह्या तपासायला घेतल्या तर जवळपास प्रत्येकीत तेच: हिरवीगार वनराई, खळाळणारे झरे, मंद सुगंधी वारा. एका मुलाने मात्र वेगळंच लिहिलं होतं. वसंतात आमच्या गावामागच्या डोंगरावर पानं नसतात, गवत वाळून जातं, ओढा आटतो, रात्री वणवा दिसतो आणि आजी पहाटे मोहाची फुलं वेचायला जाते. मी त्याला दहापैकी चार गुण दिले आणि लाल शाईने शेरा मारला, ‘विषयाला धरून लिहावे.’

खरं तर वर्गात विषयाला धरून त्या एकट्यानेच लिहिलं होतं. हे मला कळलं ते पुढच्या वर्षी, माहुलीच्या डोंगरावर.

आपण भिवंडीकर. आपल्या मुलांच्या कानात दिवसरात्र यंत्रमागाची खटखट, आणि गावाबाहेर पडलं की दुतर्फा गोदामं. पण इथून आसनगावला जायला सकाळच्या वेळी तासाभराच्या आसपास लागतो. तिथून आत गेलं की तानसा अभयारण्याच्या जंगलात माहुलीचा डोंगर उभा आहे. उंची ८५८ मीटर. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी शेवटची झुंज इथूनच दिली, हे इतिहासाच्या तासाला आपण सांगतोच. या किल्ल्याचे तीन भाग आहेत: भंडारगड, माहुली आणि पळसगड. नावातच पळस आहे, आणि पळस फुलतो त्या दिवसांत आपण मुलांना वर्गात बसवून वसंतावर निबंध लिहायला लावतो!

मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही निघालो. बावीस मुलं, तीन शिक्षक, दोन पालक. पहाटे साडेपाचला भिवंडी सोडली, सातच्या आत चालायला लागलो. माथ्यावर जायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. वरची वाट उभ्या चढाची आहे आणि शेवटी लोखंडी शिडी लागते. सोबत गावातला एक वाटाड्या घेतला. दीड तास चढायचं, सावलीत बसायचं आणि ऊन तापायच्या आत उतरायचं, एवढाच बेत.

पायाखाली सागाच्या वाळक्या पानांचा असा आवाज, की पुढचा काय बोलतोय ते मागच्याला ऐकू येईना. एक मुलगी म्हणाली, “सर, जंगल मेलंय का?” मी उत्तर देणार तोच वाटाड्याने एका पळसाकडे बोट दाखवलं. पान एकही नाही, फांद्यांवर उरलेली केशरी फुलं आणि खाली फुलांचा सडा. बुलबुल आणि साळुंक्या आत चोची खुपसत होत्या. थोडं वर कुसुमाचं झाड लागलं, त्याची कोवळी पालवी लालभडक. पोरांना ती आधी फुलंच वाटली. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या. कुठूनतरी तांबटाचा ठोका एकसारखा चालू होता. आमचा एक कारागिराचा पोरगा म्हणाला, “हा पण माग चालवतोय.”

आता इथे विज्ञानाचा धडा आपोआप उभा राहतो. पानांमधून पाण्याची वाफ होत असते. पाऊस संपून पाच-सहा महिने झालेले, म्हणून झाड पानं गाळून पाणी वाचवतं. पानं नसली की फुलं लांबून दिसतात, पाखरं येतात, परागीभवन होतं. आणि पावसाला अजून दोन महिने असताना, खोडात आणि खोल मुळांशी जपलेल्या पाण्यावर झाड नवी पालवी काढतं. आपल्या भाषेत त्यासाठी सुंदर शब्द आहे, चैत्रपालवी. निबंधातले हिरवे डोंगर आणि झरे आपल्याकडे श्रावणात असतात. मुलं श्रावणाचं वर्णन वसंताच्या नावाने लिहितात, आणि आपण त्याला गुण देतो.

काटेसावरीखाली एक फुटलेलं बोंड सापडलं, त्यातून रेशमासारखा कापूस उडत होता. लगेच प्रश्न आला, “सर, याचा धागा होईल का?” भिवंडीच्या पोराखेरीज हा प्रश्न कोण विचारणार! या कापसाचे तंतू आखूड आणि गुळगुळीत असतात, त्यांना नीट पीळ बसत नाही, म्हणून तो उशा-गाद्यांत भरतात. हे मी सांगण्याआधीच पोरं बोटांवर पीळ देऊन बघत होती.

पुढे एक जळका पट्टा लागला. काळी जमीन, करपलेली रोपं, अजून येणारा धुरकट वास. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसामुळेच लागतात. कुणी विडी टाकतं, कुणी राब भाजताना आग हाताबाहेर जाते, कुणी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतं. मोह हा इथल्या आदिवासी घरांचा आधार आहे, तेव्हा नुसतं बोट दाखवून चालणार नाही. पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून घेता येतो, झाडाखाली जाळी बांधता येते, हे मुलांशी बोललो. त्या पट्ट्यापाशी पोरं गप्प उभी होती. मला मात्र तो ‘विषयाला धरून लिहावे’चा शेरा आठवत होता.

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत. परीक्षा तोंडावर असते. बरोबर, पण एका रविवारची सकाळच तर द्यायची आहे. उन्हाचं काय? अकराच्या आत पायथ्याशी या. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. मुख्याध्यापकांची आणि वनखात्याची परवानगी, पालकांची लेखी संमती, प्रथमोपचार पेटी आणि वाटाड्या यांत तडजोड नको. काडेपेटी कुणाच्याही खिशात नको. आणि पालकहो, डिसेंबरात वॉटरपार्कच्या सहलीला आपण जेवढे पैसे भरतो, त्याहून हा खर्च पुष्कळ कमी आहे.

परत आल्यावर मी पुन्हा तोच निबंध दिला. मुद्दे फळ्यावर लिहिले नाहीत, चार प्रश्न दिले. पानं नसलेलं कोणतं झाड फुललेलं दिसलं? पायाखाली काय वाजलं? कसला वास आला? जे वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं काय निघालं? बावीस निबंध आले आणि बावीसही वेगळे होते. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, काहींत हिंदी शब्द होते, एकाने तांबटाला ‘मागवाला पक्षी’ असं नाव दिलं होतं. त्या चुका मी दुरुस्त केल्या. ‘मागवाला पक्षी’ तसाच ठेवला.

चार गुण मिळालेला तो मुलगा आता नववीत आहे. त्याला बोलावून वही मागितली आणि सांगितलं, चूक माझी होती. तो म्हणाला, “सर, वही रद्दीत गेली.”

म्हणून यंदा मार्चमध्ये वसंताचा निबंध देण्याआधी एक सकाळ काढा. माहुली लांब वाटत असेल तर तुंगारेश्वरचं जंगल आहे, वज्रेश्वरीकडचे डोंगर आहेत. तेही जमलं नाही तर शाळेच्या रस्त्यावरचा एखादा पिंपळ महिनाभर रोज बघायला सांगा. आणि वह्या तपासताना एखाद्या पोराने वसंतात डोंगर जळतो असं लिहिलेलं दिसलं, तर लाल पेन जरा बाजूला ठेवून त्याला विचारा, कुठे पाहिलंस?