लष्करी कँटीन राहू द्या, पण वह्या उघडा

छावणीशेजारी ज्यांचे दुकान आहे, त्यांना या विषयाची ओळख करून देण्याची गरज नाही. पुण्याचे लष्कर, खडकी बाजार, देवळाली कॅम्प, कामठी, अहिल्यानगरजवळचे भिंगार या बाजारपेठा छावण्यांमुळेच वसल्या. फौज आली आणि तिच्यामागोमाग शिंपी, मोची, खाटीक, नानबाई व किराणेवाला आला. त्यांत आपली माणसे पिढ्यान्पिढ्या आहेत. या बाजारांतून एक जुनी तक्रार सतत कानांवर येते. जो साबण आम्ही छापील किमतीला विकतो, तोच साबण कुंपणापलीकडच्या कँटीनमध्ये कितीतरी स्वस्त. नगदीचे गिऱ्हाईक तिकडे जाते आणि महिनाअखेरीस उधारीला तेवढे आमची पायरी चढते. सरकारी सवलतीवरची ही कँटीने बंद करावीत, निदान शहरांतली तरी, असे पुष्कळांचे म्हणणे आहे.

आम्हांला ही मागणी मान्य नाही. आपल्याच वाचकांच्या गल्ल्याविरुद्ध बोलल्यासारखे वाटेल, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

आधी व्यवहार कसा चालतो ते पाहू. इंग्रजी अमलात कँटीनचा धंदा ठेकेदारांकडे होता. महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, सरकारने तो त्यांच्याकडून आपल्या हाती घेतला आणि स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९४८ पासून आजचे कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत महर्षी कर्वे मार्गावर आहे. हे खाते कंपन्यांकडून घाऊक माल घेते, देशभरातल्या चौतीस डेपोंत ठेवते आणि तेथून पलटणींनी चालविलेल्या कँटीनांना देते. जवान, माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा कार्ड दाखवून माल नेतात तो या शेवटच्या दुकानातून. डेपो सरकारचा आणि दुकान पलटणीचे, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या डेपोंची यादी वाचली तरी कँटीन कशासाठी आहे ते कळते. एक डेपो आपल्या खडकीत आहे, तसाच एक लेहमध्ये, एक पोर्ट ब्लेअरला, एक आसामात मिसामारीला. लडाखच्या चौकीवर कोणता दुकानदार टूथपेस्ट घेऊन जाणार आहे? हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद होतात, तेव्हा तेथे बाजार नसतो, भाव नसतो, स्पर्धाही नसते. कँटीन नसेल तर कुणी ठेकेदार उभा राहील आणि रुपयाची वस्तू चार रुपयांना विकील. तो अनुभव फौजेने एकदा घेतलेला आहे.

दुसरी बाजू पेन्शनरांची. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव घरोघरच्या सैनिकांसाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा गावचा निवृत्त हवालदार महिन्यातून एकदा एसटीने शहरात येतो, रांगेत उभा राहतो आणि दोन पिशव्या भरून परत जातो. एसटीचे भाडे वजा केले तर त्याच्या हाती फार मोठी बचत उरत नाही. तरी तो येतो, कारण भरतीच्या वेळी जे कबूल केले गेले त्यातला हा एक हिस्सा आहे असे तो मानतो. त्याचे मानणे चूक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पगार कमी असताना ज्याला ही सवलत दाखविली, त्याच्याकडून म्हातारपणी ती काढून घेणे हा सरळ व्यवहार नव्हे. आपल्या धंद्यातही तोंडी कबूल केलेले दाम नंतर कापणाऱ्याला लोक काय म्हणतात, ते सर्वांना माहीत आहे.

हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत लष्करी तळांवर कमिसरी नावाची किराणा दुकाने आहेत. तेथील लष्करी अधिकाऱ्यांना काही ठाण्यांवर सरकारी कोठारातून मूळ किमतीला माल विकत घेण्याची मुभा १८२५ मध्ये मिळाली आणि साध्या शिपायांना १८६७ पासून. पश्चिमेकडच्या ओसाड ठाण्यांवर दुसरे दुकान नव्हते, हे त्याचे साधे कारण. पुढे ठाण्यांभोवती शहरे वाढली, मोठमोठी दुकाने आली, तरी कमिसऱ्या राहिल्या. १९९१ मध्ये चारही दलांच्या कमिसऱ्या एका संस्थेखाली आल्या. आज जगभर अशी सुमारे २३५ दुकाने आहेत. गिऱ्हाइकाच्या बिलावर पाच टक्के अधिभार घेतला जातो आणि त्यातून इमारतींचा खर्च निघतो. नोकरांचे पगार आणि वाहतूक यांसाठी सरकारी तिजोरीतून दर वर्षी अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम जाते. १९७५ मध्ये ती थांबविण्याचा प्रस्ताव आला होता. २०१४ मध्ये ती तीन वर्षांत एक अब्ज डॉलरांनी घटविण्याचा प्रस्ताव आला. काँग्रेसने दोन्ही वेळा तो चालू दिला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारी कामकाज ठप्प झाले तेव्हा मात्र देशांतर्गत कमिसऱ्यांना काही दिवस कुलूप लागले. २०२५ मध्ये तर तेथील संरक्षण खात्याने ही दुकाने चालवायला घेणार का, अशी खाजगी किराणा कंपन्यांकडे चाचपणी केली.

खाजगी कंपनीला शहराजवळचे भरभराटीचे दुकान हवे असते, अलास्कातले नको. मलईची दुकाने गेली की तोट्याची दुकाने सरकारच्या गळ्यात राहतात आणि खर्च वाचतच नाही. म्हणून "शहरातली बंद करा, सरहद्दीवरची ठेवा" ही तोडही वाटते तितकी सोपी नाही. खडकीच्या विक्रीवरचा नफा आणि लेहच्या गाडीभाड्याचा भार एकाच वहीत पडतो. अमेरिकेचे एक मात्र घेण्यासारखे आहे. तिजोरीतून किती गेले तो आकडा तेथे दर वर्षी अंदाजपत्रकात छापला जातो आणि त्यावर उघड भांडण होते.

आपल्याकडे असा एक आकडा नाही. आपली सवलत मुख्यतः करातून येते. विक्रीकर आणि व्हॅटच्या काळात प्रत्येक राज्याचा नियम वेगळा होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हापासून कँटीन खात्याला खरेदीवर भरलेल्या कराचा निम्मा भाग परत मिळतो आणि कँटीनमधून जवानाला होणाऱ्या विक्रीवर कर लागत नाही. घाऊक खरेदीमुळे कंपन्या देतात ती सूट याहून वेगळी. ती सूट कोणालाही मिळविता येते. आपले व्यापारी एकत्र येऊन खरेदी करतील तर त्यांनाही. अवघड आहे ते कराचे.

पण येथेही एक गोष्ट बदलली आहे आणि आपल्या दुकानदारांनी तिची पुरती दखल घेतलेली दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, केसांचे तेल, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पूर्वी शंभर रुपयांच्या मालावर कँटीनला नऊ रुपये परत मिळत, आता अडीच मिळतात. म्हणजे ज्या मालासाठी आपण कँटीनशी भांडत होतो, त्या मालावरची कँटीनची करातली आघाडी जवळजवळ तीन चतुर्थांश संपली, आणि तीही मोर्चा न काढता. जो दुकानदार अजून कँटीनच्या नावाने बोटे मोडतो, त्याने आपले गिऱ्हाईक मॉलमध्ये आणि दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्यांकडे किती गेले, तेही एकदा मोजावे.

सवलत खरोखर मोठी कुठे आहे? मोटारीत. लहान मोटारीवर आता १८ टक्के कर आहे. सहा लाखांची मोटार धरली तर निम्म्या कराची सवलत चोपन्न हजार रुपये होते. आता आमचा हवालदार घ्या. तो महिन्याला तीन हजारांचा किराणा नेतो आणि त्यावर सरसकट ५ टक्के कर धरला, तर त्याची करातली सवलत महिन्याला पंचाहत्तर रुपये, वर्षाला नऊशे. एका मोटारीच्या सवलतीत त्याचा साठ वर्षांचा किराणा बसतो! हिशेब ढोबळ आहे, पण दिशा चुकीची नाही. फौजेलाही हे जाणवले असावे, कारण २०१९ मध्ये अधिकाऱ्यांसाठी बारा लाखांपर्यंतची मोटार आणि तीही आठ वर्षांतून एकदाच, असे बंधन घालण्यात आले. आमचे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढे आहे. मोटार, एअर कंडिशनर, मोठा टीव्ही या जिनसा करसवलतीतून काढाव्यात आणि तेच पैसे किराण्याच्या मालावर, विशेषतः विधवा आणि शिपाई दर्जाच्या पेन्शनरांसाठी, वाढवून द्यावेत. (दारू हा कँटीनच्या विक्रीतला मोठा जिन्नस आहे, आमच्या वाचकांच्या धंद्याशी त्याचा संबंध नाही, तेव्हा तो आम्ही बाजूला ठेवतो.)

आता डेपो आणि दुकान यांच्या त्या भेदाकडे येऊ. कँटीन खात्याचा पैसा भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. त्याच्या नफ्यातून पलटणींच्या कँटीनांना खरेदीच्या प्रमाणात सूट म्हणून मोठी रक्कम दिली जाते. ती पुढे कशी खर्च झाली, हे पाहण्याची मागणी महालेखापरीक्षकांनी केली, तेव्हा ही कँटीने पलटणींच्या खाजगी निधीतून चालतात, त्यांच्या वह्या सरकारी तपासणीत येत नाहीत, असे उत्तर मिळाले. संसदेच्या लोकलेखा समितीतही हा विषय गेला.

हेच उत्तर नोकरांच्या वाट्यालाही आले. या कँटीनांत काउंटरवर, गोदामात आणि हिशेबाला छावणीभागातली मुले असतात; आपल्या घरांतलीही असतात. एम. अस्लम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये या नोकरांना सरकारी कर्मचारी मानले होते. २००९ मध्ये आर. आर. पिल्लै यांच्या खटल्यात मोठ्या पीठाने तो निकाल फिरविला आणि ते सरकारी नोकर नाहीत असे ठरविले. कायदा न्यायालयाने सांगितला तोच. पण व्यापारी माणसाच्या नजरेने पाहिले तर चित्र विचित्र दिसते. कर भरायची वेळ आली की कँटीन सरकारचे, आणि वही दाखवायची किंवा पगार द्यायची वेळ आली की ते पलटणीचे खाजगी. आपल्यापैकी कोणी दोन पाट्या लावून असे दुकान चालविले असते, तर विक्रीकर अधिकाऱ्याने दुसऱ्या दिवशी सील ठोकले असते.

म्हणून बाजारपेठांच्या संघटनांनी आपले निवेदन बदलावे. "कँटीन बंद करा" म्हटले की ते निवेदन फौजेविरुद्ध आहे असे समजले जाते आणि कोणी वाचत नाही. त्याऐवजी, प्रत्येक कँटीनने वर्षाची विक्री, मिळालेली सूट, नफा आणि तो कशावर खर्चला याचा एक पानाचा तक्ता बाहेर फळ्यावर लावावा, अशी मागणी करा. सैनिकालाही तो तक्ता हवाच आहे. पैसा त्याचा आहे.

दुसरी मागणी कारागिरांची. काळ्या पत्र्याच्या ट्रंका, होल्डॉल, बूट, गणवेशाची शिलाई, बिल्ल्यांचे भरतकाम यांवर छावणीभागातल्या कित्येक कारखान्यांची चूल पेटली. कँटीनच्या यादीत मात्र पाहावे तर मोठ्या कंपन्यांची नावे. चार कारागिरांचा कारखानदार चौतीस डेपोंना माल पुरविणार कसा? त्याला खडकीच्या डेपोपुरता किंवा देवळालीच्या कँटीनपुरता पुरवठा करू द्यावा. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे सरकारी खात्यांनी वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो आणि तो हिस्सा २०१८ मध्ये २५ टक्के करण्यात आला. तोच दंडक कँटीनच्या मालालाही लावावा, एवढेच मागायचे आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक आणि मालाचा एकसारखा दर्जा या गोष्टी आपल्याकडे तयार हव्यात. आज किती कारखानदारांकडे आहेत?

आणि शेवटी एक कडू गोष्ट. कँटीनचा शिक्का असलेला माल बाजारात येतो. कोणाच्या तरी कार्डावर उचललेले साबणाचे खोके, तेलाचे डबे कुणीतरी आणून देतो आणि आपल्यातलाच कुणीतरी ते कमी भावात घेऊन छापील किमतीला विकतो. कँटीनमुळे धंदा बसला म्हणून ओरडणाऱ्यांतही असे लोक आम्ही पाहिले आहेत. निवेदन घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळातल्या एकाच्या गोदामात असे एक खोके जरी निघाले, तरी ते निवेदन टेबलावर पडूनच राहील. संघटनांनी सह्या गोळा करण्याआधी आपापल्या सभासदांची गोदामे पाहून घ्यावीत.