अंक आहे, पान उघडत नाही

सीमाभागातील मराठी वृत्तपत्रांची जुनी पाने आता घरबसल्या वाचता येतात, हे विधान गेल्या काही वर्षांत आपल्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा झाले आहे की ते पडताळून पाहणे हा अरसिकपणाच ठरावा. तो अरसिकपणा मी केला. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी आणि निपाणीकडचे कारदगा येथे भरत आलेल्या ग्रामीण साहित्य संमेलनांतील अध्यक्षीय भाषणांचे वृत्तान्त जमवावेत, एवढाच हेतू होता. ही भाषणे बहुधा पुस्तकरूप होत नाहीत. वक्ता टिपणे घेऊन येतो, बोलतो, शाल-श्रीफळ स्वीकारून संध्याकाळच्या गाडीने परततो. मागे उरतो तो दुसऱ्या दिवशीच्या अंकातील दोन-तीन स्तंभांचा मजकूर. तोही गेला तर ते भाषण झालेच नव्हते असे मानण्यावाचून पुढच्या अभ्यासकाला गत्यंतर नाही.

एका स्थानिक दैनिकाच्या संकेतस्थळावर दिनदर्शिका आहे. तिच्यातील हवा तो दिवस निवडावा, अशी नम्र सूचनाही आहे. मी निवडला. अलीकडच्या काही वर्षांची पाने उघडली, त्यामागची उघडेनात, आणि त्याहून जुनी जी दोन-चार उघडली त्यांत रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि परदेशी चलनांची चिन्हे यांची खिचडी होती. कार्यालयात दूरध्वनी केला. पलीकडच्या सौजन्यशील आवाजाने सांगितले, ‘‘साहेब, ते सर्व्हर बदलण्यापूर्वीचे आहे.’’ एखाद्या ग्रंथपालाने ‘ते कपाट बदलण्यापूर्वीचे पुस्तक आहे’ असे सांगितले असते तर आपण सभा बोलावली असती. सर्व्हर म्हटले की मात्र आपण ‘बरे, बरे’ म्हणून फोन ठेवतो. मीही ठेवला.

माझी तक्रार त्या कर्मचाऱ्याविषयी नाही. तक्रार आहे ती ‘संग्रह’ या शब्दाच्या स्वस्त वापराविषयी. तारखेची खिडकी म्हणजे संग्रह नव्हे. ज्याला तारीख आधीच ठाऊक आहे त्यालाच ती उपयोगी पडते. आणि ज्याला तारीख ठाऊक आहे त्याचे निम्मे संशोधन झालेलेच असते. पानाचे छायाचित्र चढवून ठेवले की काम संपले, असा समज बहुतेक वृत्तपत्रांनी करून घेतला आहे. त्या छायाचित्रातील ‘येळ्ळूर’ हा शब्द तुम्हांला दिसतो, संगणकाला दिसत नाही. त्याच्या लेखी ते अक्षर नाही, शाईचा डाग आहे. म्हणून शोधपेटीत ‘येळ्ळूर’ लिहिले की उत्तर येते, ‘काही आढळले नाही’, आणि बिचारा वाचक समजतो की बातमीच छापली गेली नव्हती. जेथे मजकूर खरोखर अक्षररूपात आहे तेथेही ‘येळ्ळूर’, ‘येल्लूर’, ‘यळ्ळूर’, ‘निपाणी’, ‘निप्पाणी’, ‘बेळगाव’, ‘बेळगांव’, आणि १ नोव्हेंबर २०१४ च्या अधिकृत नामांतरानंतर ‘बेळगावी’, अशी सर्व रूपे एकामागून एक घालून पाहावी लागतात. ज्या प्रदेशात गावाच्या नावाचा फलक हाच वादाचा विषय होतो, तेथे शोधयंत्राला एकच रूप पुरेल अशी अपेक्षा कोणी करू नये.

त्या खिचडीचेही एक साधे कारण आहे, आणि ते आपल्या मंडळींना माहीत नसल्यामुळे पुष्कळ मजकूर अकारण ‘नष्ट’ म्हणून सोडून दिला जातो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती. परंतु मराठी छापखान्यांनी व संकेतस्थळांनी ती पुढे किती तरी वर्षे वापरली नाही. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवणारे टंक तेव्हा प्रचारात होते, आणि प्रत्येक टंकाची बैठक वेगळी. टंक गेला की चित्रे जातात आणि खाली दडलेली इंग्रजी घरे उघडी पडतात. मजकूर मेलेला नसतो, वेषांतर उतरलेले असते. तो जसाच्या तसा उचलून योग्य टंकासाठीच्या परिवर्तकात घातला तर बहुतेक वाक्ये परत उभी राहतात. असे परिवर्तक विनामूल्य उपलब्ध आहेत. ऱ्हस्व इकार जागा चुकतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, तेवढे हाताने दुरुस्त करावे लागते. आपल्यातल्या शुद्धलेखनप्रेमींना वर्षभर पुरेल एवढे हे काम आहे.

जेथे पानच उघडत नाही तेथे जुना पत्ता टिपून ठेवावा. इंटरनेट अर्काइव्ह ही अमेरिकेतील ना-नफा संस्था १९९६ पासून जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती साठवीत आली आहे आणि २००१ पासून ‘वेबॅक मशीन’ या नावाने तो साठा सर्वांस खुला आहे. तेथे मूळ पत्ता घातला की कोणत्या दिवशी प्रत घेतली गेली होती ते दिसते. नेमका दिवस क्वचित मिळतो, जवळपासचा पुष्कळदा मिळतो. काही ई-अंक ‘फ्लॅश’ या प्रणालीवर उभे होते. तिचा आधार २०२० च्या अखेरीस संपला आणि ती पाने एका रात्रीत काळी पडली. छायाचित्ररूप पानांवर गूगलच्या वा ‘टेसरॅक्ट’च्या अक्षरवाचकाचा प्रयोग करावा. जोडाक्षरांत तो अडखळतो, पण शोधण्यापुरता मजकूर हाती येतो. आणि आवृत्ती पाहण्यास विसरू नये. निपाणीची बातमी बेळगाव आवृत्तीत नसली तर कोल्हापूर आवृत्तीत पाहावी. बाजारपेठ, नातीगोती आणि रुग्णालये यांचा ओढा तिकडे असल्याने बातमीही पुष्कळदा तिकडेच जाते. नावाचाही घोळ आहेच. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली काढलेले ‘तरुण भारत’ बेळगावचे, ग. त्र्यं. माडखोलकर ज्याचे संपादक होते ते ‘तरुण भारत’ नागपूरचे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि त्याचे अध्यक्ष होते हेच माडखोलकर. म्हणजे ‘तरुण भारत, बेळगाव, १९४६’ एवढ्या तीन खुणांवर शोध घेणारा अभ्यासक भलत्याच वृत्तपत्रापाशी पोहोचण्याची व्यवस्था इतिहासानेच करून ठेवली आहे.

हे सर्व एखाद्या हौशी माणसाने करायचे, आणि तेही एकेका पानासाठी? माझा आक्षेप येथे आहे. १९५६ चा जानेवारी, १९८६ चा जून, निपाणीच्या तंबाखू-उत्पादकांचे १९८१ चे आंदोलन आणि त्यातील गोळीबार, यांविषयी शासकीय कागद आहेत. पण ते शासनाच्या बाजूने पाहिलेले. रस्त्यावरून पाहिलेले जे काही आहे ते गावच्या वार्ताहराने रात्री उशिरा लिहून पाठवलेल्या मजकुरात आहे. हिंडलग्याच्या स्मारकापाशी दरवर्षी १ जूनला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो, आणि त्या दिवसांची पाने कोणत्या कपाटात आहेत हे उपस्थितांपैकी किती जणांना सांगता येईल? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. पुराव्याची भाषा तेव्हापासून आपल्या प्रत्येक भाषणात आहे. पुरावा मात्र वाळवीच्या आणि सर्व्हरच्या स्वाधीन. केवळ राजकारणाचीच गोष्ट कशाला? निपाणीत पिठाची गिरणी चालवून तंबाखूच्या वखारीतल्या बायांचे जगणे लिहिणारे महादेव मोरे २०२४ साली गेले. त्यांच्यासारख्या लेखकाचे सुटे, नियतकालिकांत विखुरलेले लेखन आज कोणी एकत्र करू म्हटले तर त्याने कोणत्या खिडकीत कोणती तारीख घालावी?

वृत्तपत्रांचे म्हणणे मला ठाऊक आहे. खर्च मोठा, उत्पन्न शून्य, अंक आमच्या मालकीचे. मालकी मान्य. परंतु १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांनाही लागू झाला आणि प्रत्येक अंकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक झाले. दैनिक ही सर्वस्वी खासगी वस्तू नाही, हे कायद्याने तेव्हाच मान्य केले आहे. फक्त ती ग्रंथालये कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीला आहेत, आणि संकेश्वरच्या शिक्षकाला तेथे जाण्यासाठी रजा मिळत नाही. खर्चाचे म्हणाल तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’ या संग्रहात यंत्राने वाचलेला मजकूर दुरुस्त करण्याचे काम सरळ वाचकांवर सोपवले. हजारो माणसे आपापल्या गावाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या बातम्या घरी बसून शुद्ध करतात, वेतन न घेता. आपल्याकडे निवृत्त शिक्षकांची वाण आहे काय?

आता थोडे आपल्याविषयी. साहित्य संस्था म्हणून आपण सत्कारांवर, हारांवर, ध्वनिक्षेपकांवर जे खर्च करतो त्याचा हिशेब येथे मांडत नाही. कार्यकारिणीतील स्नेह्यांशी मला पुढेही बोलायचे आहे. पण आपल्याच संमेलनांची कात्रणे आपण तारीख न घालता चिकटवून ठेवली आहेत, हे कपाट उघडून कोणीही पाहावे. मी पाहिले. एका वहीत सतरा कात्रणे आहेत. त्यांपैकी पाचांवर तारीख आहे, वृत्तपत्राचे नाव दोनांवर. तेव्हा वृत्तपत्रांना निवेदन देण्याआधी काही कामे आपल्याच अंगणात आहेत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. त्याच्याकडे आणि तालुक्यांतील इतर वाचनालयांकडे कोणत्या वर्षांच्या फायली शिल्लक आहेत त्याची यादी प्रथम करावी. मग वृत्तपत्रांकडे जावे आणि तीनच गोष्टी मागाव्यात: जुने पत्ते मोडू नयेत, टंकाचे नाव सांगावे, आणि ज्या वर्षांच्या फायली त्यांच्याजवळ नसतील त्यांची छायाचित्रे आमच्याकडून स्वीकारावीत.

१९८६ चे वर्ष मी घेतो. वाचनालयाने परवानगी दिली तर पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी तीन वाजता मी तेथे असेन. १९८१ साठी निपाणीकडचे कोणी हवे आहे. तंबाखूच्या व्यवहारातले शब्द ज्याच्या कानावर आहेत असे. येताना चष्मा आणि मऊ ब्रश आणावा. फायलींवर धूळ फार आहे.