वर्गात हसू कोणाचे होते?

दरवर्षी २ ऑगस्टला सिल्वासात मुक्तिदिन साजरा होतो. १९५४ साली याच दिवशी हे गाव पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटले. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही मराठी माणसे होती, याचा सीमाभागाला रास्त अभिमान आहे. पण त्या अभिमानावरून या मुलखावर कोणा एका भाषेचा सातबारा निघत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि त्यातले जवळपास ५२ टक्के लोक आदिवासी होते : वारली, धोडिया, कोकणा. कारखान्यांमुळे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातील कुटुंबेही येथे आली.

आपल्या भाषेला येथे दुय्यम वागणूक मिळते, अशी मराठी भाषकांची जुनी तक्रार आहे. ती खोटी म्हणता येणार नाही. परंतु आपल्याच मुलांच्या वर्गात काय चालते, तेही पाहायला हवे. वारली मूल आपल्या बोलीत उत्तर देते आणि बाके हसतात. उत्तर बरोबर असते, तरी ‘शुद्ध बोल’ एवढेच त्याच्या कानी पडते. पुढच्या वेळी ते हात वर करीत नाही. हे हसू मुले पाठ्यपुस्तकात शिकत नाहीत. ‘आदिवासी म्हणजे अडाणी’, ‘भय्ये आले नि गाव बिघडले’ ही वाक्ये ती घरच्या ओट्यावर ऐकतात.

गंमत अशी की, जनगणनेने वारली बोली भिली गटात मोजली, तर अनेक अभ्यासक तिला मराठीच्या जवळची मानतात. म्हणजे ज्या बोलीला आपण हसतो, ती आपल्याच नात्यातली असू शकते. आणि नात्यातली नसली, तरी हसण्याचा हक्क कोणी दिला?

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे कलम ३५० अ सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारहाणीबरोबर मानसिक छळही वर्ज्य ठरवला. मात्र हसणे कायद्याने थांबत नाही. ते गुरुजींनी आणि आईबापांनी थांबवायचे असते.

त्यासाठी भिंतीवर सुविचार लिहून भागणार नाही. नांगर, पाऊस, भाकरी यांना कोण काय म्हणते, ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे. ज्याची बोली, तो त्या घटकेपुरता गुरुजी. जो हसला त्याला छडी नको. ‘तुला यात हसण्यासारखे काय वाटले?’ एवढे शांतपणे विचारावे. उत्तर शोधताना त्याचे त्यालाच बरेच कळेल.

मराठीला मान मिळावा, ही आपली मागणी योग्यच आहे. पण ती करणाऱ्याने आपल्या शेजारच्या बाकावरील वारली पोराला तो मान आधी द्यायला हवा. एरवी आपल्या गाऱ्हाण्याला वजन राहणार नाही.