भांडकुदळ कोणाला म्हणायचं?

मराठीत रागावलेल्या माणसासाठी शब्दांची वाण नाही. पण हे शब्द स्त्री-पुरुषांत सारखे वाटलेले नाहीत. पुरुष चिडला तर तो तापट, कडक, करारी. फारच झालं तर ‘जमदग्नीचा अवतार’, म्हणजे रागातही ऋषीचं पद शाबूत! बाई चिडली की मात्र ती तोंडाळ, कजाग, कैदाशीण. ‘भांडकुदळ’ हा शब्द व्याकरणाच्या दृष्टीने कोणालाही लावता येतो, पण तो ऐकल्यावर डोळ्यांपुढे उभी राहते ती पदर खोचलेली बाईच.

‘कज्जेदलाल’ हा शब्द तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. कज्जा म्हणजे तंटा, दावा. ‘कोर्टकज्जे’ आपण आजही म्हणतो. म्हणजे या शब्दाच्या पोटात दाद मागणं आहे. आणि तोच शब्द आपण बाईला दूषण म्हणून चिकटवतो.

हा केवळ भाषेचा मामला असता तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण हे विशेषण एक काम चोख करतं: भांडणाचा विषय गायब करतं आणि भांडणारीचा स्वभाव तेवढा शिल्लक ठेवतं. ती काय मागत होती, हा प्रश्नच उरत नाही. ‘तिचा स्वभावच तसा’ म्हटलं की उत्तर द्यायची जबाबदारी संपली.

‘नळावरची भांडणं’ हा शब्दप्रयोग घ्या. क्षुल्लक, बायकी कटकट या अर्थाने तो सर्रास वापरला जातो. पण नळावर बायकाच का भांडतात? कारण घरचं पाणी भरणं हे त्यांचं काम ठरलेलं आहे, नळाला पाणी तासभर येतं आणि रांग लांब असते. भांडण स्वभावातून येत नाही, ते कोरड्या नळातून येतं. मुंबईत गोरेगावला मृणाल गोरे यांनी हाच पाण्याचा प्रश्न घेऊन बायकांना संघटित केलं आणि लोक त्यांना आदराने ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. हंडे तेच, राग तोच. फक्त तो शेजारणीवरून वळून पाणी न देणाऱ्यांच्या दारात गेला.

दुसरं उदाहरण जमिनीचं. दोन भाऊ वाटणीवरून वर्षानुवर्षं भांडतात त्याला आपण ‘भाऊबंदकी’ म्हणतो. खाडिलकरांनी त्या नावाचं नाटकच लिहिलं. बहिणीच्या हक्काच्या भांडणाला मात्र असं नाव नाही. तिच्यापुढे हक्कसोडपत्र येतं. सही केली तर साडीचोळी आणि माहेरपण, नाही केली तर ती भांडकुदळ. महाराष्ट्राने 1994 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात देशभरासाठी दुरुस्ती झाली, तेव्हा ती अट राहिली नाही. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीला हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. कायदा इतका पुढे आला, तरी किती बहिणी केवळ ‘भांडखोर’ म्हणवून घ्यायच्या भीतीने सही करून मोकळ्या होतात, हे समुपदेशनाच्या कामात आम्ही सतत पाहतो.

तिथे सासरची मंडळी बसली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘बाई भांडखोर आहे हो.’ मग तपशील विचारत गेलं की कळतं, तिने स्वतःचा पगार हातात मागितलेला असतो, नाहीतर मारल्यावर उलट शब्द बोललेली असते. मारणाऱ्याचा हात ‘रागाच्या भरात’ उठतो आणि तिचं बोलणं मात्र ‘स्वभाव’ ठरतं! 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने अपमान करणं, नावं ठेवणं यालाही हिंसाच मानलं आहे. हे पुष्कळ बायकांना माहीतच नसतं.

यावर कोणी म्हणेल, बायका छळत नाहीत का? छळतात. सुनेला धारेवर धरणाऱ्या सासवा आहेत, आणि हे शब्द बायकाच बायकांसाठी अधिक वापरतात हेही खरं. पण सासू छळत असेल तर ‘ती छळ करते’ असं स्वच्छ म्हणावं, काय करते ते सांगावं. ‘कजाग’ म्हणून तिथेही विषय झाकू नये.

म्हणून मैत्रिणींनो, शब्दकोशातून हे शब्द काढून टाका असं माझं म्हणणं नाही. तसे ते जाणारही नाहीत. पण यापुढे कोणी ‘ती फार भांडते’ म्हणालं, तर एवढंच विचारावं: कशासाठी? आपल्यापैकी ज्या केंद्रांत, महिला मंडळांत, पोलीस ठाण्यांत नोंदी लिहितात त्यांनी तर हा नेमच करावा. ‘स्वभाव भांडखोर’ असं लिहायच्या जागी तिची मागणी लिहावी: पगार, पाणी, जमिनीतला वाटा, मार थांबणं. नोंदीत मागणी आली की तिला उत्तर द्यावं लागतं.