सिनेमा फ्रेंच, शब्द आपले



दहावीचा निकाल लागला की बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत अनेक घरांत एक हिशोब मांडला जातो. अकरावीला दुसरी भाषा कुठली घ्यायची? मराठी, हिंदी की फ्रेंच? फ्रेंचला गुण चांगले पडतात, म्हणून टक्केवारीसाठी फ्रेंच. दोन वर्षं मुलगी क्रियापदांची रूपं पाठ करते, कॅफेत कॉफी कशी मागवायची ते शिकते, आणि बारावीचा पेपर टाकला की ती भाषा वह्यांबरोबर रद्दीत जाते. हा हिशोब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. प्रवेशाच्या शर्यतीत अर्ध्या टक्क्यालाही किंमत असते. पण या दोन वर्षांच्या मेहनतीतून त्या मुलीच्या हाती आणखीही काही लागू शकतं आणि ते आपल्या गटांच्या कामाचं आहे. ते म्हणजे फ्रेंच भाषेतले काही सिनेमे.

‘आपल्या कामाशी फ्रेंच सिनेमाचा काय संबंध?’ असं काही जणी विचारतील. चळवळीनं आजवर गाणी, पथनाट्यं, पोस्टर प्रदर्शनं हाताशी धरली. १९८३ साली स्त्रीमुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आलं, तेव्हापासून नाटकानं केवढं काम केलं ते आपण जाणतो. जगभरचा सिनेमा मात्र आपण फारसा वापरला नाही. प्रभात चित्र मंडळानं १९६८ पासून मराठी प्रेक्षकाला तो दाखवला. अलियाँस फ्रान्सेज आहे, पण ती मरीन लाइन्सला. मुलुंडच्या मुलीनं दादरला गाडी बदलून तिथं जायचं, संध्याकाळचा खेळ पाहून रात्री परतायचं, म्हणजे आधी घरची परवानगी हवी. मोबाईल आल्यावर हे अंतर कमी झालं. उरलं ते भाषेचं. पडद्याच्या खालच्या ओळी इंग्रजीत येतात, आणि वस्तीतल्या बाईसाठी सिनेमा तिथंच बंद होतो.

मला सुचवायचं आहे ते असं. या ओळी मराठीत आणण्याचं काम फ्रेंच शिकणाऱ्या मुलींनी आणि आपल्या गटांतल्या बायकांनी मिळून करावं. मुलीकडे फ्रेंच आहे, बाईकडे मराठी आहे. एकीवाचून दुसरीचं काम अडतं.

आन्येस वार्दा या दिग्दर्शिकेचा २००० सालचा माहितीपट घ्या, ‘ले ग्लानर ए ला ग्लानझ’. पीक काढून झाल्यावर शेतात राहिलेले दाणे, बटाटे, फळं वेचणाऱ्या माणसांबद्दलचा हा सिनेमा आहे. छोटा डिजिटल कॅमेरा हातात घेऊन वार्दा शेतांतून फिरते आणि मग शहरात येते. बाजार उठल्यावर टाकलेली भाजी वेचणारे, कचऱ्याच्या डब्यांतून खाणं शोधणारे लोक तिला तिथं भेटतात. आकार बसत नाही म्हणून फेकून दिलेले बटाटे ढिगानं पडलेले दिसतात. एक वकील काळा झगा घालून चक्क शेतात उभा राहतो आणि कायद्याचं पुस्तक उघडून सांगतो, की पीक निघाल्यावर वेचण्याचा हक्क १५५४ च्या फर्मानापासून चालत आलेला आहे.

आता या सिनेमाचं नाव मराठीत कसं सांगायचं? शब्दकोश उघडून फ्रेंचवरून इंग्रजीत आणि इंग्रजीवरून मराठीत येणारी मुलगी बहुधा ‘गोळा करणारे’ म्हणून थांबेल. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आलेल्या अनेक बायका कचरा वेचून जगल्या. त्यांतल्या कुणालाही विचारलं तर ती म्हणेल, ‘अगं, हा तर सरवा!’ सरवा वेचणं. शेतात सरवा वेचणारी बाई शहरात येऊन कचरा वेचू लागते. वार्दाचा सिनेमा शेतातून शहरात जातो तो याच वाटेनं, आणि आपल्याकडे दोन्ही कामांना क्रियापदही एकच आहे. मग पुढचे प्रश्न आपोआप निघतात. फ्रान्समध्ये वेचण्याला जुन्या कायद्याचा आधार होता, आपल्या कचरावेचक बाईला कशाचा आहे? मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ साली बंद झालं. तिथं वेचणाऱ्या बायकांच्या पोटाचा विचार कुणी करायचा?

दुसरा सिनेमा सेनेगलच्या उस्मान सेंबेन यांचा, ‘ला न्वार द’, १९६६ चा, सुमारे तासाभराचा. डाकारमध्ये मुलं सांभाळण्यासाठी ठेवलेल्या दियुआनाला तिचे फ्रेंच मालक आपल्याबरोबर फ्रान्सला नेतात. तिथं स्वयंपाक, धुणं, साफसफाई सगळं तिच्यावर येतं. मालकांपुढे ती मोजकेच शब्द बोलते. तिच्या मनातलं मात्र आपल्याला ऐकू येतं, आणि तेही फ्रेंचमध्ये! तिची स्वतःची भाषा कुठे गेली, हा प्रश्न मुलींना जरूर विचारावा. सेंबेन यांनी पुढचा ‘मांदाबी’ १९६८ साली वोलोफ भाषेत केला, हेही सांगावं. दियुआनाला लिहिता-वाचता येत नाही. आईचं पत्र येतं, तेव्हा मालक तिला न विचारता तिच्या वतीनं उत्तर लिहू लागतात, आणि ती पत्र फाडून टाकते. सिनेमाच्या शेवटाकडे ती आत्महत्या करते, म्हणून तो दाखवल्यावर गट लगेच पांगू देऊ नये, बसून बोलावं.

घरकामगार बायकांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ साली घरकामगारांबाबत करार केला, त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही. हे सगळं त्या चर्चेत यावं. पण पत्राचा प्रसंग आपल्यालाही उद्देशून आहे. निवेदनं, अर्ज, अहवाल आपण किती वेळा ‘तिच्या वतीनं’ लिहितो आणि लिहिलेलं तिला किती वेळा वाचून दाखवतो?

तिसरा सिनेमा पदवीच्या, अठरा वर्षांपुढच्या मुलींसाठी. बेल्जियमच्या शांताल आकेरमान हिनं १९७५ साली केलेला ‘झान दिएलमान’. एका विधवेचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, टब घासते, मुलाला वाढते, आणि दुपारी पैशांसाठी घरी पुरुष घेते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि घडी विस्कटू लागते. २०२२ साली ब्रिटिश मासिक ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांच्या कौलात तो पहिला आला. १९५२ पासूनच्या या कौलात बाईनं केलेला सिनेमा पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. ‘फार लांबण आहे’ अशी तक्रार हमखास येईल. सिनेमा २०१ मिनिटांचा आहे. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोलाचं घरकाम करणारी बाई त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवते. घरकाम करणारे पुरुष मुळात थोडे, आणि त्यांची मिनिटं ९७. पाहताना कंटाळा आला, तर तो कंटाळा रोज कोण सोसतं हे मुलींनी घड्याळ लावून आपापल्या घरी पाहावं आणि लिहून आणावं.

‘आधीच मुली मराठी सोडून फ्रेंचकडे पळतात, त्यात तुम्ही भर घालता’ असा आक्षेप मला अपेक्षित आहे. काळजी खरी आहे. पण मराठी सोडलेल्या मुलीला हे काम करताना पावलोपावली मराठी लागणार आहे, आणि ती मराठी तिला वस्तीतल्या बाईपुढे बसून विचारावी लागणार आहे. शिकलेली शिकवणार आणि न शिकलेली ऐकणार, ही आपल्या शिबिरांतही मुरलेली सवय त्यानं थोडी तरी मोडेल.

सुरुवात लहान ठेवावी. पहिल्यांदा ‘ला न्वार द’ घ्यावा, लांबीला तो सोपा आहे. सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. ओळी पडद्यावर छापण्याची सोय नसली तर दोन मुलींनी मागे बसून मराठीत वाचाव्यात. वाचण्याआधी त्या दोन-तीन घरकामगार बायकांना ऐकवाव्यात आणि त्यांनी सुचवलेले शब्द घालावेत. कॉलेजच्या फ्रेंचच्या शिक्षिकांना सोबत घ्यावं. त्यांनाही धड्यापलीकडचं काही करायची इच्छा असते, वेळ मात्र मिळत नाही.

ज्या गटांना हे करून पाहायचं आहे त्यांनी आम्हांला कळवावं. तुमच्या वस्तीत निघालेले मराठी शब्दही पाठवा. पुढच्या अंकांतून आपण ते छापत जाऊ, म्हणजे दुसऱ्या गटाला सगळं पहिल्यापासून करावं लागणार नाही.